मक्केत जन्म, अहमदनगरला बंदिवास, दिल्लीत विसावा : मौलाना अबुल कलाम आझाद

बॉथेल (वॉशिंग्टन) : अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला मराठी माणसाला तीन कारणांनी ठाऊक असतो. चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढवला. १८०३ साली जनरल वेलस्लीने तो शिंद्यांकडून घेतला. आणि १९४२ च्या आंदोलनात काँग्रेसचे बारा नेते तेथे कैदेत होते. तिसऱ्या प्रसंगाचा विषय निघाला की पंडित नेहरूंचे नाव प्रथम येते, कारण ‘भारताचा शोध’ हा त्यांचा ग्रंथ त्याच किल्ल्यात लिहिला गेला. मात्र त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्षपद नेहरूंकडे नव्हते. ते होते मौलाना अबुल कलाम आझाद यांच्याकडे. कुराणाचे भाष्यकार, उर्दू पत्रकारितेचा चेहरामोहरा बदलणारे संपादक, काँग्रेसचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री अशा चार भूमिका एकाच आयुष्यात निभावणाऱ्या या माणसाविषयी मराठीत फार थोडे लिहिले जाते.

सिएटलच्या उत्तरेकडील बॉथेल आणि शेजारचे रेडमंड या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आझादांच्या चरित्रात एक धागा विशेष जवळचा वाटेल. हा माणूस भारतात जन्मला नव्हता. त्याच्या आईची भाषा अरबी होती. ज्या देशासाठी त्याने आयुष्याची दहा वर्षे तुरुंगात काढली, त्या देशात तो लहानपणी आईवडिलांचे बोट धरून आला होता. जन्मभूमी एक आणि मायभूमी दुसरी अशी स्थिती असलेल्या मुलाने कोणत्या भूमीला आपले म्हणावे, हा प्रश्न आज आपल्या घरांतून वेगळ्या रीतीने विचारला जातो. आझादांनी त्याचे उत्तर तरुणपणी दिले, आणि पुढे ते उत्तर फार महाग पडले तरी बदलले नाही.

पीराच्या घरातला मुलगा

आझादांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. मूळ नाव मोहिउद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे भारतीय घराण्यातील विद्वान सूफी पीर. १८५७ नंतरच्या काळात हे घराणे हिजाझमध्ये स्थिरावले होते. आई मदिनेतील एका विद्वान कुटुंबातील. मुलगा लहान असतानाच कुटुंब कलकत्त्यास आले आणि तेथेच राहिले. खैरुद्दीन यांच्या मुरीदांचा पसारा मोठा होता. कलकत्त्याप्रमाणे मुंबईतही त्यांचे अनुयायी होते. भक्त येत, पीराचे आणि पीराच्या मुलांचे हात चुंबीत, नजराणे ठेवीत. हीच गादी पुढे चालवायची, एवढेच मुलाचे भवितव्य ठरलेले होते.

शिक्षण घरीच झाले. वडिलांचा इंग्रजी शाळांवर विश्वास नव्हता. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित, धर्मशास्त्र असा जुन्या परंपरेचा अभ्यासक्रम मुलाने कोवळ्या वयातच पुरा केला. त्यानंतर त्याच्या हाती सर सय्यद अहमद खान यांचे लेखन पडले आणि घरात शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीविषयी मनात शंका उठू लागल्या. शब्दकोश आणि इंग्रजी वर्तमानपत्रांच्या साहाय्याने तो आपला आपण इंग्रजी वाचायला शिकला. धर्माविषयीच्या या शंकांनी त्याला अनेक वर्षे छळले. सत्य एकच असेल तर इतके पंथ परस्परांना खोटे का ठरवतात, हा त्यांतला सर्वांत जाचक प्रश्न होता. वारशाने मिळालेली श्रद्धा टाकून, स्वतः तपासलेली श्रद्धा स्वीकारण्याचा निश्चय त्याने केला, आणि त्या निश्चयाची खूण म्हणून आझाद, म्हणजे मुक्त, हे उपनाम घेतले. पीराची गादी त्याने चालवली नाही.

याच काळात त्याने संगीताचाही ध्यास घेतला. पीराच्या घरात सतार शिकणे ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. तरी हा तरुण चोरून सतार शिकला, आणि आग्र्यास गेला असता चांदण्या रात्री ताजमहालाच्या आवारात यमुनेकडे तोंड करून ती वाजवीत बसला. ही आठवण त्यांनी पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात, पन्नाशी उलटल्यावर, लिहून ठेवली आहे.

मुंबईतील भेट आणि ‘अल हिलाल’

१९०३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आझादांनी ‘लिसान-उस-सिद्क’ हे मासिक काढले. त्यातील लेखांची भाषा इतकी प्रौढ होती की लेखक वयस्कर विद्वान असावा असा वाचकांचा समज झाला. थोर इतिहासकार शिबली नोमानी आणि आझाद यांची पहिली भेट मुंबईत झाली. समोरच्या मिसरूडही नीट न फुटलेल्या मुलाशी बराच वेळ बोलल्यावर शिबलींना तो अबुल कलाम यांचा चिरंजीव असावा असे वाटले, अशी आख्यायिका उर्दू साहित्यविश्वात आजही सांगितली जाते. पुढे शिबलींनीच त्यांना लखनौच्या ‘अल नदवा’ या नियतकालिकाच्या कामात घेतले. त्यानंतर अमृतसरच्या ‘वकील’ या पत्रात त्यांनी संपादनाचा अनुभव घेतला.

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून ‘अल हिलाल’ हे साप्ताहिक निघाले. भारतात अजून आकाशवाणी नव्हती. तिला आणखी पंधरा वर्षांचा अवकाश होता. दूरवरच्या माणसापर्यंत विचार पोहोचवण्याचे सर्वांत वेगवान साधन छापील पत्र हेच होते, आणि एकाने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे, अशी रीत असल्याने एका अंकाचे श्रोते अनेक असत. बहुतेक उर्दू पत्रे तेव्हा शिळाप्रेसवर छापली जात. आझादांनी खिळ्यांची छपाई वापरली, छायाचित्रे घातली, तुर्कस्तान, इजिप्त आणि बाल्कन प्रदेशातील घडामोडी सविस्तर दिल्या. दोन वर्षांत खप आठवड्याला २६,००० प्रतींवर गेला, असे त्यांनी आत्मकथनात नोंदवले आहे. उर्दू पत्रसृष्टीत त्या काळी हा आकडा अभूतपूर्व होता.

मुसलमानांनी सरकारशी जुळवून घेऊन आपले हित साधावे, असे त्या वेळचे प्रस्थापित मुस्लिम नेतृत्व सांगत असे. ‘अल हिलाल’ने कुराणातील वचनांच्या आधारे याच्या उलट सांगितले. जुलमी सत्तेपुढे मान तुकवणे हे धर्माला धरून नाही आणि देशाच्या स्वातंत्र्याच्या लढ्यात मागे राहणे मुसलमानाला शोभणारे नाही, हा त्याचा सूर होता. अर्थात या पहिल्या पर्वातील आझाद पुढच्या आझादांहून वेगळे होते, हेही सांगितले पाहिजे. त्या वेळी त्यांची भिस्त मुस्लिम जगताच्या एकजुटीवर होती, भाषेत आवेश होता, आणि भारतातील मुसलमानांचा एकच धार्मिक नेता असावा ही कल्पना त्यांना मोहवीत होती. हिंदू-मुस्लिम सहजीवन हा आपल्या राजकारणाचा पाया मानणारे आझाद त्यांच्यातून हळूहळू घडले.

सरकारने १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याचा आधार घेतला. प्रथम दोन हजार रुपयांचा जामीन मागितला, तो जप्त केला. मग दहा हजारांचा मागितला. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. १९१४ च्या अखेरीस ‘अल हिलाल’ बंद पडला. वर्षभराने, नोव्हेंबर १९१५ मध्ये, आझादांनी ‘अल बलाग’ हे नवे पत्र सुरू केले. तेव्हा सरकारने पत्राऐवजी संपादकावरच घाव घातला. १९१६ साली त्यांना बंगालमधून तडीपार करण्यात आले. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि मुंबई या सरकारांनी त्यांना आपल्या हद्दीत येण्यास आधीच बंदी केली होती. उरला बिहार. ते रांचीला गेले आणि तेथेच त्यांना स्थानबद्ध करण्यात आले.

रांचीचे कागद

मराठी वाचकाला येथे लोकमान्य टिळक आठवल्यावाचून राहणार नाहीत. ‘केसरी’तील लेखांसाठी मंडालेला गेलेल्या टिळकांनी तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच परंपरेत आझादांचे रांचीतील काम बसते. कुराणाचा उर्दू अनुवाद आणि त्यावरील भाष्य, म्हणजे ‘तर्जुमान-उल-कुराण’, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा बौद्धिक संकल्प होता.

टिळकांच्या वह्या सुटकेनंतर त्यांच्या हाती परत आल्या. आझादांचे नशीब तितके चांगले नव्हते. त्यांच्या घरावर छापे पडले, हस्तलिखिते जप्त झाली. सुटकेनंतर ती मिळाली. पण १९२१ च्या अटकेच्या वेळी कागद पुन्हा पोलिसांच्या ताब्यात गेले, आणि परत आले तेव्हा फाटक्या, विस्कटलेल्या कागदांचा ढीग उरला होता. लिहिलेले सर्व पुन्हा लिहावे लागले. पहिला खंड १९३० च्या दशकाच्या आरंभी निघाला, दुसरा १९३६ साली. संपूर्ण कुराणाचे भाष्य त्यांच्या हातून कधीच पुरे झाले नाही.

जे प्रसिद्ध झाले तेही मोलाचे ठरले. कुराणाच्या पहिल्या अध्यायावरील त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की ईश्वर सर्वांचे पालनपोषण करणारा, कृपाळू आणि न्यायी आहे. धर्माचे मूळ तत्त्व सर्वत्र एक आहे, आणि विधी, आचार व कायदे हे देशकालानुसार भिन्न झाले आहेत. माणसे भांडतात ती या बाह्य भेदांवरून. या प्रतिपादनावर परंपरानिष्ठ विद्वानांनी टीका केली. विधी आणि श्रद्धा यांचे महत्त्व त्यामुळे कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. आझादांनी आपली भूमिका सोडली नाही. तारुण्यात ज्या प्रश्नाने त्यांची झोप उडवली होती, त्याचे हे त्यांनी स्वतः शोधलेले उत्तर होते.

रांचीतील स्थानबद्धतेत त्यांनी आणखी एक काम केले. तेथील मशिदीत ते शुक्रवारची प्रवचने देत, आणि १९१७ साली त्यांनी मदरसा इस्लामिया ही शाळा उभी केली. पुढे शिक्षणमंत्री झालेल्या माणसाने काढलेली ही पहिली शाळा. ती काढताना तो सरकारचा कैदी होता.

गांधीजींची साथ

१९२० च्या आरंभी सुटका झाली आणि त्याच महिन्यात दिल्लीत महात्मा गांधींशी भेट झाली. असहकाराची कल्पना गांधीजींनी मांडली तेव्हा मुस्लिम नेत्यांपैकी अनेकांनी विचाराला वेळ मागितला. आझादांनी तत्काळ पाठिंबा दिला. खिलाफत आणि असहकार ही दोन्ही आंदोलने जोडीने चालली आणि डिसेंबर १९२१ मध्ये आझादांना पुन्हा अटक झाली. कलकत्त्याच्या न्यायालयात त्यांनी बचाव केला नाही. उलट, सरकार अन्यायी आहे असे आपण बोललो, हा आरोप आपल्याला मान्य आहे, अशा आशयाचे दीर्घ निवेदन त्यांनी दिले. ‘कौल-ए-फैसल’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. शिक्षा झाली एक वर्षाच्या सश्रम कारावासाची. त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांनी गांधीजींना कळवले की ही शिक्षा अपेक्षेपेक्षा फार कमी आहे आणि पतीच्या पश्चात बंगालमधील काम त्या स्वतः पाहतील. पडद्यातल्या या स्त्रीचा इतिहासात जो थोडा उल्लेख आहे, त्यांतला हा एक.

सप्टेंबर १९२३ मध्ये दिल्लीतील काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्षपद आझादांकडे आले. तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत मोडीत काढल्यावर त्या आंदोलनातील अनेक जण काँग्रेसपासून दुरावले. आझाद मात्र अधिक जवळ आले. मुसलमानांचे भवितव्य या देशातील इतर जनतेच्या भवितव्याशी बांधलेले आहे, हे त्यांचे मत या वर्षांत पक्के झाले.

मार्च १९४० मध्ये बिहारमधील रामगढ येथे ते पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या भाषणाचा आशय असा होता : इस्लामच्या तेरा शतकांचा वारसा माझा आहे आणि त्यातला कणही सोडायला मी तयार नाही, त्याचबरोबर मी भारतीय आहे आणि या राष्ट्राच्या घडणीतून मला वगळता येणार नाही, या दोहोंत मला विरोध दिसत नाही. त्याच आठवड्यात लाहोरला मुस्लिम लीगने मुसलमानांच्या स्वतंत्र राज्यांची मागणी करणारा ठराव केला. एकाच आठवड्यात दोन शहरांत एकाच समाजाच्या भवितव्याची दोन परस्परविरोधी चित्रे रेखाटली गेली. त्यातील कोणते चित्र समाज स्वीकारणार, हा पुढील सात वर्षांचा प्रश्न होता.

अहमदनगरचा किल्ला

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला. अध्यक्षस्थानी आझाद होते. मुंबईत त्यांचा मुक्काम भुलाभाई देसाई यांच्या घरी असे. ९ ऑगस्टच्या पहाटे पोलीस तेथे आले. व्हिक्टोरिया टर्मिनसवर खास गाडी उभी होती. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. कार्यकारिणीचे सदस्य पुढे अहमदनगरला गेले. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव हे त्यांचे सहबंदी.

आरंभी वर्तमानपत्रे मिळत नव्हती, पत्रव्यवहार बंद होता. संपादक म्हणून आयुष्य सुरू केलेल्या माणसाकडे वाचक उरला नव्हता. तेव्हा आझादांनी पत्रे लिहायला घेतली, जी टपालात पडणार नव्हती. ती होती अलिगढजवळच्या भीकमपूरचे विद्वान स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठायचे, चिनी चहा करायचा आणि लिहीत बसायचे, असा क्रम ठरला. या चहात दूध नसे. चहात दूध घालण्याची भारतीयांची रीत त्यांना मुळीच पसंत नव्हती आणि त्यावर त्यांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत. हीच पत्रे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली आणि उर्दू गद्याचा मानदंड ठरली.

या पत्रांत राजकारण जवळजवळ नाही. ईश्वराच्या अस्तित्वाचे तत्त्वज्ञान आहे, संगीत आहे, बरॅकीपुढच्या उजाड अंगणात कैद्यांनी फुलवलेली बाग आहे, निजामशाहीचा आणि चांदबिबीचा इतिहास आहे. छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांवर एक दीर्घ पत्र आहे. सुरुवातीला मौलानांनी त्यांच्याशी छत्री उगारून युद्ध केले, मग हार मानून तांदळाच्या दाण्यांनी तह केला, आणि अखेरीस चिमण्या त्यांच्या अंगाखांद्यावर बसू लागल्या. त्यांनी चिमण्यांना नावेही ठेवली. तुरुंगवासाच्या हिशेबाचे एक पान आहे. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात आधीच्या कैदेची बेरीज सात वर्षे आठ महिने भरते, म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा. ज्यू धर्मात आठवड्याचा सातवा दिवस विश्रांतीचा असतो, तशी ही आपल्या वाट्याची सुट्टी, असे त्यांनी गमतीने लिहिले.

आणि ११ एप्रिल १९४३ चे पत्र आहे. झुलेखा बेगम कलकत्त्यास आजारी होत्या. मार्चमध्ये प्रकृती गंभीर असल्याची तार आली. मौलानांना काही म्हणायचे असेल तर आपण ते मुंबई सरकारला त्वरित कळवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. ज्या सरकारविरुद्ध लढा पुकारला त्याच्याकडे स्वतःसाठी विनंती करायची नाही, असे त्यांनी ठरवले आणि नकार दिला. दिनक्रमात बदल होऊ दिला नाही. सर्वांसोबत जेवायला बसत, ठरल्या वेळी लिहीत. मात्र मन स्थिर ठेवण्यासाठी किती यातायात करावी लागली, हे त्यांनी पत्रात लपवलेले नाही. ९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनामिक कबर होती. त्या दिवसांत तिच्याकडे पाहताना आपल्याला काय वाटले, ते त्यांनी लिहिले आहे. काही महिन्यांनी भोपाळला त्यांची बहीणही वारली. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना बंगालमधील बांकुरा येथे हलवण्यात आले आणि जूनमध्ये सोडण्यात आले. कलकत्त्याच्या घरी परतले तेव्हा वाट पाहणारे कोणी नव्हते.

त्या विनंतीला दिलेला नकार आज काहींना कठोर वाटेल. पत्नीच्या अखेरच्या आजारात तिच्याजवळ असणे हे कर्तव्य नव्हे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांनी आईवडिलांच्या आजाराची बातमी दूरध्वनीवर ऐकली आहे, त्यांना तर तो अधिकच टोचेल. आझादांनी स्वतः या निर्णयाचे गौरवीकरण केलेले नाही. आपण तत्त्व पाळले आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली, याची जाणीव त्या पत्राच्या प्रत्येक ओळीमागे आहे.

हरलेला युक्तिवाद

सुटकेनंतरची दोन वर्षे त्यांच्या राजकीय आयुष्यातील सर्वांत कष्टाची ठरली. १९४५ च्या अखेरीस मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसही जागा लीगने जिंकल्या. आझाद ज्या समाजाचे विद्वान धर्मवेत्ते होते, त्याच्या मतदारांनी त्यांचा मार्ग नाकारला होता. बॅरिस्टर जिना त्यांची संभावना काँग्रेसचे शोभेचे बाहुले अशी करीत असत.

१९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत प्रांतांना व्यापक स्वायत्तता आणि केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व दळणवळण एवढेच विषय होते. देश अखंड राखण्याची ही शेवटची संधी आहे, असे आझादांचे मत होते. काँग्रेस आणि लीग या दोघांनीही ती योजना प्रथम स्वीकारली. त्याच सुमारास अध्यक्षपदाची सूत्रे त्यांनी नेहरूंकडे दिली. १० जुलै १९४६ रोजी मुंबईत झालेल्या पत्रकार परिषदेत, घटना समितीत काँग्रेस कोणत्याही बंधनाविना जाईल, असा आशय नेहरूंनी व्यक्त केला, आणि लीगने मान्यता मागे घेतली. त्या क्षणी अध्यक्षपद सोडणे ही आपल्या हातून घडलेली मोठी चूक होती, असे आझादांनी पुढे आत्मकथनात म्हटले. इतिहासकार या मतावर आजही वाद घालतात. लीगने निमित्त शोधले असते, असे काहींना वाटते. आझादांची स्मृती काही ठिकाणी दगा देते, असेही दाखवून देण्यात आले आहे. फाळणीला त्यांचा विरोध अखेरपर्यंत टिकला, याविषयी मात्र दुमत नाही.

फाळणी झाली. दिल्लीत कत्तली झाल्या. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर निर्वासितांनी भरून गेली. मौलानांच्या बंगल्याच्या आवारातही तंबू ठोकून लोकांना आसरा देण्यात आला. ऑक्टोबर १९४७ मध्ये जामा मशिदीत जमलेल्या, सामान बांधून निघण्याच्या तयारीत असलेल्या मुसलमानांपुढे ते बोलले. त्या भाषणात सांत्वनाइतकाच राग होता. मी इतकी वर्षे बोलत होतो तेव्हा तुम्ही ऐकले नाही, असे त्यांनी सुनावले. आणि मग विनवले की भीतीपोटी जाऊ नका, या शहराच्या दगडांत तुमच्या पूर्वजांचे श्रम आहेत, हा देश तुमचा आहे. ते भाषण ऐकून बांधलेली गाठोडी सोडणारे लोक होते, असे दिल्लीत आजही सांगितले जाते.

या जागी त्यांच्या आयुष्याचा अर्थ स्पष्ट होतो. मक्केत जन्मलेला माणूस दिल्लीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांना दिल्ली सोडू नका, म्हणून सांगत होता. देशावरचा त्याचा हक्क जन्माचा नव्हता, बहुमताने दिलेला नव्हता, आणि त्या दिवसांत तो सुरक्षितही नव्हता. त्याने तो निवडलेला होता, आणि आपली बाजू पडल्यावरही ती निवड त्याने मागे घेतली नाही.

शिक्षणमंत्री

जानेवारी १९४७ पासून मृत्यूपर्यंत शिक्षण खाते त्यांच्याकडे राहिले. स्वतः कोणत्याही शाळेच्या बाकावर न बसलेल्या या मंत्र्याच्या काळात १९४८ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला, १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले, १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली आणि पाठोपाठ संगीत नाटक, साहित्य व ललित कला या तिन्ही अकादमी उभ्या राहिल्या. चोरून सतार शिकलेल्या मुलाच्या हातून देशाला संगीताची अकादमी मिळाली.

ऑगस्ट १९५१ मध्ये खरगपूर येथे देशातील पहिल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे उद्घाटन आझादांच्या हस्ते झाले. संस्था सुरू झाली ती हिजलीच्या बंदिछावणीच्या इमारतीत, जेथे ब्रिटिशांनी बंगालमधील क्रांतिकारकांना कोंडले होते. आयुष्याची दहा वर्षे कैदेत घालवलेल्या माणसाने एका तुरुंगाचे दार विद्यार्थ्यांसाठी उघडले. पुढे अशा संस्था मुंबईत पवईला आणि अन्यत्र निघाल्या. रेडमंड आणि बॉथेलच्या परिसरात संगणक क्षेत्रात काम करणारे किती तरी मराठी अभियंते त्याच संस्थांतून शिकून आले आहेत. आपल्या येथवरच्या प्रवासात मौलानांचा वाटा आहे, याची आठवण सहसा कोणाला होत नाही.

१९५२ साली ते रामपूरमधून आणि १९५७ साली गुडगावमधून लोकसभेवर निवडून गेले. १९५६ साली दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. मागे मूलबाळ नव्हते. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांचे दफन झाले.

तीस पाने, तीस वर्षे

शेवटच्या वर्षांत आझादांनी हुमायून कबीर यांना आपले राजकीय आत्मकथन उर्दूत सांगितले आणि कबीर यांनी ते इंग्रजीत उतरवले. १९५९ साली ते प्रसिद्ध झाले. मात्र सुमारे तीस पानांचा मजकूर लेखकाच्या इच्छेनुसार वगळला होता. तो मोहोरबंद करून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आला. सहकाऱ्यांविषयीची मते त्यांच्या हयातीत आणि लगेच मागाहून प्रसिद्ध होऊ नयेत, असा त्यामागे हेतू होता. १९८८ साली, मृत्यूनंतर तीस वर्षांनी, ती पाने उघडली गेली आणि पूर्ण ग्रंथ वाचकांपुढे आला. नेहरू आणि पटेल यांच्या निर्णयांवर त्यात टीका होती. गाजावाजा झाला तितके धक्कादायक त्यात काही नाही, असे अनेक अभ्यासकांना वाटले. पण आयुष्यभर मजकूर जप्त होण्याचा अनुभव घेतलेल्या संपादकाने अखेरीस आपला मजकूर आपणच कुलूपबंद केला आणि तो कधी उघडायचा ते स्वतः ठरवले, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

१९९२ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. २००८ पासून त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. अहमदनगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ज्या इमारतीत हे बारा नेते राहिले ती जपून ठेवली आहे. सुट्टीत मुलांना घेऊन शिर्डी, शनिशिंगणापूरला जाणाऱ्या अनेक परदेशस्थ कुटुंबांच्या वाटेवरच हे शहर लागते. तासभर वाट वाकडी करून मुलांना ती दालने दाखवावीत. कोणता देश आपला, हे विचारण्याच्या वयाची मुले सोबत असतील, तर त्या दालनांत पहाटे चहा करून पत्रे लिहीत बसणाऱ्या, मक्केत जन्मलेल्या एका भारतीयाची गोष्ट त्यांना सांगता येईल.